तीनदा परत आलेलं खोकं

१

खोकं उघडलं तेव्हा आत क्लॅरिनेट नव्हती. मिठाचे पुडे होते. जुन्या टॉवेलात घट्ट गुंडाळलेले, आणि फुटू नयेत म्हणून प्रत्येक पुडा वेगळ्या पिशवीत बांधलेला.

मास्तर समोरच्या खुर्चीत बसून बघत होता. कात्री मी चालवली होती, कारण त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत.

"मीठ," तो म्हणाला.

मास्तर माझा मामेभाऊ. शाळेत वाद्यवृंद शिकवतो आणि संध्याकाळी मित्रांबरोबर कार्यक्रम करायचा, म्हणून सगळ्यांचाच मास्तर. गेल्या वर्षी तो सायकलवरून पडला आणि मागून येणाऱ्या गाडीचं चाक हातावरून गेलं. हाडं जुळली, पण बोटांत पूर्वीची पकड आली नाही. क्लॅरिनेटची भोकं बोटांच्या पेरांनी अगदी घट्ट झाकावी लागतात. जरा फट राहिली की आवाज फाटतो. त्यानं एकदाच वाजवून पाहिली, पेटीत ठेवली, आणि काही महिन्यांनी विकायला काढली.

मी काम करते ती कंपनी लोकांना जुन्या वस्तू ऑनलाइन विकायची सोय करून देते. मी परतीच्या विभागात आहे. वस्तू आवडली नाही, पैसे परत हवेत, टपालखर्च कुणी सोसायचा, यावरून विकणारा आणि घेणारा हमरीतुमरीवर आले की प्रकरण माझ्या टेबलावर येतं. घरात मला परतताई म्हणतात ते यामुळेच.

क्लॅरिनेट तीनदा विकली गेली आणि तिन्ही वेळा परत आली. तीन गावं, तीन वेगळी माणसं. इतक्या परतींनंतर आमच्या कंपनीनं मास्तरचं खातं गोठवलं, म्हणून त्यानं मला बोलावलं. आधीची दोन खोकी त्याच्या बायकोनं परस्पर आवरली होती, शेवटचं तसंच बंद पडून होतं. मी म्हटलं, आधी उघडून फोटो काढू.

"हा ड्रमवाल्याचा उद्योग आहे," मास्तर म्हणाला. "विकणार म्हटल्यावर सरळ तोंडावर म्हणाला होता, बघतो कशी विकतोस. यानंच कुणाकुणाला मागवायला लावली. आणि आता तर चोरलीच."

"तो तुझा सगळ्यात जुना मित्र आहे. आठवड्यातून दोनदा तुला दवाखान्यात हाताच्या व्यायामाला घेऊन जातो."

"न्यायचा. दुसऱ्यांदा परत आली तेव्हाच त्याला सांगितलं, पुन्हा दारात उभा राहू नकोस."

"मग व्यायाम?"

"नाही जात." त्यानं हात मांडीखाली घेतला. "तसंही काय होतंय? ही रोज पट्टी घेऊन बोटं मोजते, सूज उतरली का म्हणून. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. मोजून बोटं वळतात का?"

ही म्हणजे त्याची बायको. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे आणि त्या वेळी कामावरच होती.

"शनिवारी मी पोलिसात जाणार," मास्तर म्हणाला. "त्याचं नाव घालून तक्रार देणार."

तो रागानं बोलत नव्हता. ठरवून बोलत होता, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

२

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तिन्ही परती काढून बघितल्या.

आमचा नियम साधा आहे. वस्तू सदोष निघाली तर परतीचा टपालखर्च विकणाऱ्यानं भरायचा. घेणाऱ्याचंच मन बदललं तर घेणाऱ्यानं भरायचा, आणि येतानाचा खर्चही त्याला परत मिळत नाही. त्यामुळे मन बदललेला माणूस मला क्वचितच भेटतो. मन बदललं तरी लोक लिहितात, बटण सैल आहे, कुबट वास येतो, रंग फोटोतल्यासारखा नाही. एकानं मला लिहिलं होतं की छत्री उघडल्यावर फार मोठी होते.

मास्तरच्या तिन्ही गिऱ्हाइकांनी कारण दिलं होतं, 'विचार बदलला'. तिघांनी दोन्ही वेळचा खर्च निमूटपणे स्वतः सोसला होता. एखादा सरळ माणूस मी समजू शकते. ओळीनं तिघं सरळ निघाले तर मला ते वाकडं वाटतं.

ज्याला मास्तरचं नुकसान करायचं असतं, त्यानं परतीचा भुर्दंड मास्तरवरच टाकला असता. इथं तर कुणीतरी काळजी घेत होतं की मास्तरच्या खिशाला झळ लागू नये. मिठाचंही तेच. चोर खोक्यात दगड घालतो, वीट घालतो. मिठाचे पुडे फुटू नयेत म्हणून एकेक बांधत बसत नाही. ते मीठ कुणीतरी पुढे वापरायचं म्हणून जपलं होतं.

मी तिसऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावला. एका तरुण बाईनं उचलला.

"क्लॅरिनेट का परत केलीत?"

"घ्यावीशी वाटली. मग नको वाटली."

"तुमच्याकडे वाजवतं कोण?"

"भाऊ." जरा थांबून ती म्हणाली, "तो असलं काही काही वाजवतो. पिपाण्या वगैरे."

तिच्या मागे एक म्हातारा आवाज अडखळत एकेक अक्षर म्हणत होता. "म... ग... पुढचं ध. नाही, घ असेल. मग प."

"आजोबा नातवाला शिकवतायत वाटतं," मी म्हटलं.

"हो हो," ती घाईनं म्हणाली.

"बरं, तुम्ही पाठवलेल्या खोक्यात मीठ निघालं."

मी वाट बघत राहिले. अशा वेळी माणूस विचारतो, मीठ कसं काय? निदान म्हणतो, मी नाही घातलं. ती यातलं काहीच म्हणाली नाही.

"खोकं उघडलंत तुम्ही?" तिनं विचारलं आणि फोन ठेवून दिला.

३

ड्रमवाला घराखालच्या गाडीच्या जागेत शिकवण्या घेतो. मी गेले तेव्हा एकटाच होता आणि एका ढोलाचं कातडं ताणत बसला होता. मी सगळं सांगितलं. मिठाचं ऐकून तो हसला नाही.

"ताई, मी म्हणालो होतो, बघतो कशी विकतोस. म्हणजे काय, तर घरी येऊन डोकं खाणार, भांडणार. माझ्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच होतो. त्याला इतक्या वर्षांत तेवढं कळू नये?"

"मग तुम्ही भांडायला का नाही गेलात?"

"गेलो होतो. त्यानं दार उघडलं नाही. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, सध्या नका येऊ, मी समजावते त्याला. अजून समजावतायत." त्यानं एक स्क्रू फिरवला. "क्लॅरिनेटचं जाऊ द्या. व्यायाम बुडतोय त्याचं काय? व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, आत्ता सोडलं तर बोटं कायमची आखडतील."

"सूज तरी उतरतेय का? रोज मोजतात ना घरी."

"कसली सूज? ती कधीच गेली. आणि मोजायला कुणी सांगितलं? मी प्रत्येक वेळी समोर असायचो. बाई बोटं वाकवून बघायच्या. पट्टी मी त्यांच्या हातात कधी पाहिली नाही."

मी निघाले तेव्हा तो म्हणाला, "पोलिसात जाऊ दे त्याला. मी येतो चौकीवर. तिथं तरी समोर बसून बोलेल."

आवाज नेहमीचाच होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. त्याला खरंच लागलं होतं.

४

खोकी जायची ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून. तो दुकानदार पार्सलंही पाठवतो आणि दर पार्सलमागे त्याला थोडंसं मिळतं. मास्तरच्या संशयितांत दुसरा नंबर त्याचा होता. मास्तरचं म्हणणं, बायको क्लॅरिनेट पेटीसकट दुकानात नेऊन देते आणि बांधाबांध दुकानदारच करतो.

मी रिकामं खोकं त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं.

"पत्त्याचा कागद मी नेहमी झाकणाच्या सांध्यावर चिकटवतो. खोकं उघडायचं तर कागद फाटलाच पाहिजे. हा जाताना चिकटवलेला, त्यावरच परतीचा चिकटवलाय. दोन्ही एकदमच कापलेत. हे तुम्ही कापलं?"

"मी कापलं."

"मग त्याआधी हे कुणी उघडलेलं नाही."

म्हणजे मीठ इथून निघालं होतं आणि मीठच परत आलं होतं.

"आत वस्तू तुम्ही भरलीत ना?" मी विचारलं.

"मी कशाला भरू? वहिनी खोकं घरूनच बंद करून आणतात. मी नुसता कागद चिकटवतो. पहिल्या वेळी म्हटलं होतं, नाजूक वस्तू आहे, उघडून नीट बांधून देतो. तर म्हणाल्या, राहू दे, आत काही फुटण्यासारखं नाही."

बाहेर येऊन मी पायरीवर उभी राहिले. एक फोन उरला होता. कार्यक्रमांत मास्तरच्या जागी सध्या जो क्लॅरिनेट वाजवतो, त्या बदली वादकाला ती हवी होती. सुरुवातीला त्यानं किंमत पाडूनही मागितली होती. तिसरा संशयित तोच.

"मला हवी होती, खरंय," तो म्हणाला. "पण मग त्यांच्या मिसेसचा फोन आला. म्हणाल्या, आता तिचा विचार सोडा. ती आता तुमच्या कामाची राहिलेली नाही."

५

चष्म्याच्या दुकानात शिरले तेव्हा मास्तरची बायको एका गिऱ्हाइकाच्या नाकावर छोटी पट्टी धरून दोन डोळ्यांमधलं अंतर मोजत होती. मी बाकावर बसले. आतल्या खोलीत एक आजी तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या.

"र... भ... हे घ आहे की ध? कुणी असं बारीक लिहितं का?"

फोनवरचा म्हातारा नातवाला शिकवत नव्हता. तो डोळे तपासून घेत होता.

भिंतीवर दुकानाच्या इतर शाखांची पाटी होती. मास्तरची तिन्ही गिऱ्हाइकं ज्या गावांतली, ती तिन्ही गावं तिच्यावर होती.

गिऱ्हाईक गेल्यावर ती माझ्याकडे आली. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्या तरुण बाईचा फोन तिला येऊन गेलाय.

"ताई, त्याला काय काय कळलंय?"

"मीठ कळलंय. बाकी त्याला वाटतंय, चोरी ड्रमवाल्यानं केली. शनिवारी पोलिसात चाललाय."

ती माझ्याशेजारी बसली. "पोलिसात?"

"मी सांगते, चुकलं तर थांबव. मागवणारी तिन्ही माणसं तुझ्या शाखांमधली, तुझ्या सांगण्यावरून मागवणारी. पैसे तू दिलेस. माल परत गेला की आमची कंपनी पैसे परत करते, तेच तू पुढच्या वेळी वापरलेस. एकच रक्कम तीनदा फिरली. दोन्हीकडचं टपाल तेवढं तुझ्या पगारातून गेलं. कारण मुद्दाम 'विचार बदलला' लिहायला लावलंस, म्हणजे मास्तरवर भार पडायला नको. क्लॅरिनेट मात्र खोक्यात कधी गेलीच नाही, तिच्या वजनाचं मीठ गेलं."

तिनं हातातली छोटी पट्टी ओढणीखाली सरकवली.

"आधी मला वाटलं, तुला ती विकू द्यायची नाही. पण तसं असतं तर ती घरातच कुठंतरी लपवली असतीस आणि एकाच परतीनंतर त्याला गोडीगुलाबीनं सांगितलं असतंस, बघ, विकली जात नाही, ठेवून दे. तू पुन्हा पुन्हा फेऱ्या केल्यास. म्हणजे तुला वेळ हवा होता. क्लॅरिनेट घराबाहेर होती आणि ती टपालात आहे असं त्याला वाटत राहायला हवं होतं. मग बदली वादकाला तू सांगितलंस, ती तुमच्या कामाची राहिली नाही. आणि नसलेली सूज तू रोज पट्टीनं मोजतेस. ती पट्टी मी आत्ता तुझ्या हातात पाहिली."

"बोटांची जाडी," ती हळूच म्हणाली. "आणि ती कुठपर्यंत पोचतात ते अंतर."

"कशासाठी?"

तिनं आत जाऊन मालकांची परवानगी काढली आणि ओढणी सावरली. "चला," ती म्हणाली. "सांगण्यापेक्षा दाखवते."

६

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांची खोली एका सायकलच्या दुकानाच्या वर होती. टेबलावर सरसाचं भांडं, कानसी, बुचाचे तुकडे आणि मधोमध मास्तरची क्लॅरिनेट, दोन भागांत सुटी केलेली. खालच्या भागावरच्या उघड्या भोकांवर आता चिमुकली झाकणं होती आणि झाकणांना लांबवलेल्या पट्ट्या. बोट नेमकं भोकावर बसायची गरज नव्हती. पट्टी कुठंही दाबली तरी झाकण बंद होत होतं.

"करंगळी पोचत नाही, म्हणून ही पट्टी वर आणली," काका म्हणाले. "पण मापं अर्धवट आहेत. बोटं नुसती टेकलेली मोजलीत, दाबताना नाही. जोर किती देता येतो ते पट्टीवर कळत नाही. मी पहिल्यापासून सांगतोय, माणूस आणा. या म्हणतात, माणूस येणार नाही."

"त्याला कधी विचारलंस?" मी तिला म्हटलं.

"एकदा नुसता विषय काढला होता. तर त्यानं ठेवणीतल्या सगळ्या वेताच्या पत्त्या, त्या फुंकायच्या टोकाला लावतात त्या, मोडून कचऱ्यात टाकल्या. म्हणाला, मला आशा दाखवू नकोस, फार दमायला होतं. मग मी ठरवलं, झालं तरच सांगायचं. नाही झालं तर त्याला कळणारच नाही. काका म्हणाले होते, महिन्यात होईल. मग म्हणाले, आणखी थोडे दिवस. म्हणून पुन्हा मागवावी लागली."

"आणि ड्रमवाल्याचं नाव निघालं तेव्हा?"

ती खिडकीकडे वळली. "वाटलं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. मग सगळं उलगडेल."

"तेवढ्यात व्यायाम बंद पडला. तू पट्ट्या लांबवत होतीस आणि बोटं आखडत चालली होती."

हे बोलताना मला बरं वाटलं नाही, पण दुसरं कुणी तिला सांगणार नव्हतं. तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि काकांना म्हणाली, "सुटी आहे तशीच द्या बांधून. घरी नेते."

७

मास्तरनं तिचं सगळं ऐकून घेतलं. टेबलावर क्लॅरिनेटचे दोन भाग पडले होते. तो त्यांच्याकडे बघत होता, पण हात लावत नव्हता.

"भोकं पाडलीस हिला," तो म्हणाला.

"हो. खुंट्या बसवायला. आता ती पहिल्यासारखी होणार नाही."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

मग त्यानं विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "म्हणजे ड्रमवाल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली.

"आणि मी त्याला बोलत होतो तेव्हा तू आत स्वयंपाकघरात होतीस. ऐकत होतीस."

"हो. ते चुकलं माझं. बाकीचं मी पुन्हा केलं असतं, ते नाही."

मास्तर उठला. चपला घालून दारात थांबला. मी सोबत निघाले तर म्हणाला, "ताई, तू बस. हे माझं मलाच करू दे." मग वळून टेबलावरचे दोन्ही भाग फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून गेला. बाहेर धूळ लागेल म्हणाला.

ड्रमवाल्याकडे काय झालं ते मला दोघांनीही नीट सांगितलेलं नाही. मास्तर म्हणतो, मी माफी मागितली. ड्रमवाला म्हणतो, तो दारात उभा राहिला आणि मी गाडीची किल्ली घेतली, बोलायला काय होतं त्यात.

माझं काम मला करावंच लागलं. नात्यातलं प्रकरण म्हणून मी ते शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीकडे सोपवलं आणि खरं काय ते लिहून दिलं. खोटी खरेदी नियमात बसत नाही. मास्तरचं खातं कायमचं बंद झालं, तिन्ही शाखांतल्या मुलींना समज मिळाली. मास्तरच्या बायकोनं एकेकीला फोन करून ओशाळून माफी मागितली. टपालाला गेलेले पैसे अर्थातच गेले. मीठ ती अजून वापरते आहे.

मास्तर पुढच्या आठवड्यात काकांकडे जाऊन आला. पट्ट्यांची मापं बदलली, एक झाकण पुन्हा काढून बसवलं. वरचे सूर बरे लागतात. खालचे फाटतात, आणि कदाचित नेहमीच फाटतील असं काका स्पष्ट म्हणाले. मास्तर ते ऐकून घरी आला आणि नव्या पत्त्या मागवायला बसला. बायकोवरचा राग त्यानं बरेच दिवस सोडला नाही. जेवताना शाळेतल्या गोष्टी सांगायचा, क्लॅरिनेटचं नाव काढायचा नाही. मग एक दिवस त्यानं तिच्यापुढे हात धरला आणि म्हणाला, करंगळीचं माप पुन्हा घे, काकांना उद्या द्यायचंय.

व्यायाम पुन्हा सुरू झाला. ड्रमवाला ठरल्या वेळी येतो, खालून हॉर्न वाजवतो, वर येत नाही. सुरुवातीला गाडीत तो रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायचा, म्हणजे बोलायला नको. मास्तरनं कधी आवाज कमी करायला सांगितलं नाही. मला म्हणाला, त्याचा हक्क आहे.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. मास्तर व्यायामाहून आला, पाणी प्यायला, आणि बायकोला म्हणाला, "आज त्यानं रेडिओ बंद केला."

"मग? काय बोललात?"

"काही नाही," मास्तर म्हणाला. "आम्ही गप्पच बसलो होतो."